हृदयाचा ठोका ऐकणारा वैद्य : डॉक्टर रेने लेनेक

इ. स. १८१६ सालीं पॅरिस शहरांतील नेकर रुग्णालयांत एक तरुण स्त्री उपचारासाठीं आली. हृदयविकाराचीं सामान्य लक्षणें तिच्या ठिकाणीं दिसत होतीं. त्या काळीं हृदयाची परीक्षा करण्याचीं साधनें वैद्यांजवळ फारच थोडीं असत. छातीवर हात ठेवून पाहावें, बोटांनीं ठोकून आंतून पोकळ नाद येतो कीं भरीव तें ताडावें, आणि फार झालें तर छातीला प्रत्यक्ष कान लावावा. ही स्त्री स्थूल असल्यामुळें पहिल्या दोन उपायांनीं कांहींच उमगेना. आणि तरुण स्त्रीच्या छातीवर डोकें टेकणें त्या पस्तीस वर्षांच्या डॉक्टराला प्रशस्त वाटेना. तो क्षणभर थांबला. लांकडी तुळईच्या एका टोंकाला टांचणीनें ओरखडलें असतां दुसऱ्या टोंकाशीं कान लावणाऱ्यास तो आवाज स्पष्ट ऐकूं येतो, ही साधी गोष्ट त्याला आठवली. त्यानें कागदांचा एक दस्ता घेतला, त्याची घट्ट गुंडाळी केली, तिचें एक टोंक त्या स्त्रीच्या हृदयावर टेकविलें आणि दुसरें आपल्या कानाला लावलें. नुसता कान लावून जे ठोके त्यानें आजवर ऐकले होते, त्यांपेक्षां किती तरी स्पष्ट ठोके त्याला ऐकूं आले.

लूव्हर राजवाड्याच्या अंगणांत लांकडाच्या ओंडक्याशीं खेळणारीं मुलें पाहून त्याला ही युक्ति सुचली, अशी एक गोष्ट पुष्कळ पुस्तकांतून आढळते. गोष्ट गोड आहे खरी. पण लेनेकनें स्वतः लिहून ठेवलेल्या हकीकतींत त्या मुलांचा उल्लेख नाहीं, म्हणून तिच्यावर फारसा भरंवसा ठेवतां येत नाहीं. तुळई आणि टांचणी मात्र त्याच्या स्वतःच्या लिखाणांतलीं आहेत. वर्गांतील लांब बांकाच्या एका टोंकाला कान लावून दुसऱ्या टोंकावरची खरखर ऐकण्याचा खेळ आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं केला असेल, आणि त्यासाठीं शिक्षकांची बोलणींही खाल्लीं असतील.

रेने थेओफिल यासिंथ लेनेक ह्याचा जन्म फ्रान्स देशाच्या पश्चिमेस ब्रिटनी प्रांतांत केंपेर ह्या गांवीं १७ फेब्रुवारी १७८१ रोजीं झाला. तो पांच वर्षांचा असतांनाच त्याची आई वारली. बाप वकील होता; पण त्याचें लक्ष वकिलीपेक्षां कविता करण्याकडे आणि हातांत पैसा येण्यापूर्वींच तो खर्च करण्याकडे अधिक. मुलांचें संगोपन आपल्या हातून व्हावयाचें नाहीं हें त्यानें लौकरच ओळखलें, आणि रेने व त्याचा धाकटा भाऊ ह्यांस आपल्या भावांकडे पाठवून दिलें. प्रथम तीं मुलें एका धर्मोपदेशक चुलत्याकडे राहिलीं, आणि १७८८ सालीं नांत शहरीं गीयोम लेनेक ह्या दुसऱ्या चुलत्याच्या घरीं आलीं. हा चुलता नामांकित वैद्य होता. आईबापांचें छत्र अशा रीतीनें नाहींसें झालेल्या त्या मुलाला खरें घर येथेंच लाभलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु तें घर शांत नव्हतें. दुसऱ्याच वर्षीं फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. १७९३ सालीं नांत शहरांत जो रक्तपात झाला, त्याच्या स्मरणानें आजही अंगावर कांटा उभा राहतो. शेंकडों कैदी होड्यांत कोंबून ल्वार नदींत बुडविण्यांत आले. चुलत्याचें घर ज्या चौकासमोर होतें, त्याच चौकांत मुंडकीं उडविण्याचें यंत्र उभें केलेलें होतें. बारा वर्षांच्या मुलानें खिडकींतून काय काय पाहिलें असेल ह्याची कल्पनाच करावी. चुलत्यालाही कांहीं काळ तुरुंगवास घडला. तो सुटला, आणि १७९५ सालीं, म्हणजे आपल्याकडे मुलें इंग्रजी शाळेच्या मधल्या इयत्तांत असतात त्या वयांत, रेने त्याच्या हाताखालीं रुग्णालयांत काम शिकूं लागला. जखमा बांधणें, रोग्यांच्या उशाशीं बसणें, मेलेल्यांचीं शरीरें उघडून पाहणें, हेंच त्याचें शिक्षण. फावल्या वेळीं तो बांसरी वाजवी आणि ग्रीक भाषा शिके. बांसरीची गोष्ट मीं मुद्दाम सांगत आहें. कारण सुरांतला बारीक भेद ओळखणारा कान त्याच्या पुढील कामीं आला असावा, असें मला वाटतें.

वैद्यकीच्या पुढील शिक्षणासाठीं पॅरिसला जावयाचें, तर बाप पैसे देईना. दिवसामागून दिवस गेले, वर्षें गेलीं. शेवटीं १८०१ सालीं तो वीस वर्षांचा तरुण नांतहून निघाला, आणि दोनशें मैलांहून अधिक असलेला तो रस्ता त्यानें बव्हंशीं पायींच तुडविला. पॅरिसमध्यें कॉर्विझार हा त्याचा गुरु. हा पुढें नेपोलियन बादशहाचा वैद्य झाला. छातीवर ठोकून रोग ओळखण्याची जी युक्ति व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरनें १७६१ सालीं प्रसिद्ध केली होती आणि जी सर्वजण विसरून गेले होते, ती कॉर्विझारनें पुन्हां प्रचारांत आणली. त्याची शिष्यांना एकच शिकवण असे. रोगी जिवंत असतांना जें अनुमान केलें, तें तो मेल्यावर शरीर उघडून पडताळून पाहावें. आणि चूक झाली असेल तर ती निमूटपणें कबूल करावी. लेनेकनें ही शिकवण जन्मभर सोडली नाहीं. १८०३ सालीं वैद्यक आणि शस्त्रक्रिया ह्या दोन्ही विषयांतलीं पहिलीं बक्षिसें त्यानें मिळविलीं, व १८०४ सालीं तो डॉक्टर झाला.

त्याच सुमारास त्याच्या आयुष्यांत आणखी एक बदल घडून आला. क्रांतीच्या दिवसांत देवाचें नांव घेणेंही धोक्याचें झालें होतें, आणि पॅरिसच्या विद्यार्थ्यांत तर धर्माची टवाळी करण्याची चालच पडली होती. अशा मंडळींत राहूनही लेनेक पुनः ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला व मरेपर्यंत तिला धरून राहिला. तो रोमन कॅथॉलिक पंथाचा होता. आपला पंथ निराळा असला, तरी रोज प्रार्थना करून रुग्णालयांत पाऊल टाकणाऱ्या त्या माणसाबद्दल आदर वाटल्यावांचून राहत नाहीं. १८१४ सालीं नेपोलियनच्या युद्धांत जखमी झालेले ब्रिटनीचे शिपाई पॅरिसच्या रुग्णालयांत येऊन पडले. त्या बिचाऱ्यांना फ्रेंच भाषा येत नव्हती. आपलें दुखणें डॉक्टराला समजावून सांगतां न येतां ते कुढत मरत होते. लेनेकनें त्यांची शुश्रूषा त्यांच्याच मायबोलींत बोलून केली.

१८१६ सालीं नेकर रुग्णालयांत त्याची नेमणूक झाली, आणि आरंभीं सांगितलेला प्रसंग घडला. कागदाच्या गुंडाळीवर तो संतुष्ट राहिला नाहीं. निरनिराळे पदार्थ घेऊन त्यानें नळ्या करून पाहिल्या, आणि शेवटीं लांकूड पसंत केलें. लांकूड कांतण्याचें यंत्र घरीं आणून तो आपल्या हातांनींच नळ्या कांतूं लागला. सुमारें एक फूट लांबीची, दीड इंच जाडीची, मधून भोंक असलेली व मध्यावर उलगडून दोन तुकडे होणारी अशी ती नळी होती. तिला त्यानें ग्रीक भाषेंतले दोन शब्द जोडून स्टेथस्कोप, म्हणजे छाती पाहण्याचें साधन, असें नांव दिलें. आज डॉक्टरांच्या गळ्यांत दिसणारी दोन कानांची रबरी नळी ही त्या लांकडी नळीचीच पणती.

नळी करणें सोपें होतें. तिच्यांतून जें ऐकूं येतें त्याचा अर्थ लावणें कठीण. येथें खरी तपश्चर्या लागली. तीन वर्षें तो रोज रोग्यांच्या खाटांपाशीं बसून एकेक छाती ऐके, कोणत्या जागीं कोणता आवाज येतो तें टिपून ठेवी, आणि रोगी दगावला तर त्याच जागीं आंत काय झालें आहे तें शवविच्छेदन करून पाही. श्वास घेतांना बारीक चरचर येते ती फुप्फुसदाहाची. रोग्याचा शब्द तोंडांतून न येतां जणूं छातींतूनच नळींत शिरतो, तेव्हां क्षयानें फुप्फुसांत पोकळी पाडली आहे असें समजावें. बोलणें बकरीच्या बेंबें आवाजासारखें कांपतें, तेव्हां छातींत पाणी झालें आहे. ह्या आवाजांना नांवें देतांनाही त्याचें मन कसें होतें तें दिसून येतें. छातींतल्या खरखरीला फ्रेंच भाषेंत जो शब्द आहे, तोच मरणाच्या घरघरीलाही लावतात. तो शब्द कानीं पडून रोगी भेदरून जाईल, म्हणून खाटेजवळ बोलतांना लेनेक त्याऐवजीं लॅटिन शब्द योजीत असे.

१८१९ सालीं त्याचा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला, आणि ग्रंथाबरोबर थोडे पैसे अधिक देणारास ती लांकडी नळीही मिळूं लागली. पुष्कळांनीं थट्टा केली. १८२१ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर करणाऱ्या डॉक्टर फोर्ब्स ह्यांनासुद्धां, हें साधन सर्वत्र प्रचारांत येईल असें वाटलें नव्हतें. पॅरिसमध्यें ब्रूसे नांवाचा एक प्रख्यात डॉक्टर होता. बहुतेक सर्व रोग दाहापासून होतात व जळवा लावून रक्त काढलें कीं ते बरे होतात, असें त्याचें मत. त्यानें लेनेकवर कडाडून टीका केली, आणि लेनेकनेंही त्याला सौम्य उत्तरें दिलीं असें नव्हे. आपला चरित्रनायक वादांत तिखट होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

ब्रूसेच्या पक्षाचा एक प्रश्न मात्र अगदींच टाकाऊ नव्हता. क्षय बरा करतां येत नाहीं, हृदयाची बिघडलेली झडप सुधारतां येत नाहीं, तर मग रोगाचें एवढें बारीक निदान करून रोग्याचा काय फायदा? लेनेकच्या हयातींत ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतें. त्याच्याजवळ औषध नव्हतें. होतें तें केवळ जें आहे तें बरोबर सांगण्याचें सामर्थ्य. उत्तर यावयाला शंभराहून अधिक वर्षें लागलीं, आणि तें जेथें त्याचा स्वतःचा कान चुकला होता त्याच जागीं, म्हणजे हृदयांत, फार चांगल्या रीतीनें मिळालें.

होय, हृदयाच्या बाबतींत लेनेक चुकला. हृदयाचे दोन आवाज येतात. पहिला खालचे कप्पे आकुंचन पावतांना होतो हें त्यानें ओळखलें. पण दुसरा वरच्या कप्प्यांचा, असें त्यानें लिहिलें. वस्तुतः दुसरा आवाज झडपा मिटण्याचा असतो. हृदयाच्या ठोक्यांमध्यें ऐकूं येणारी फुसफूस झडप अरुंद झाल्यानें होते, असा त्याचा पहिला तर्क होता, आणि तो बराचसा बरोबर होता. पण अशी फुसफूस झालेल्या कांहीं रोग्यांच्या झडपा मरणोत्तर तपासणींत निकोप आढळल्या. तेव्हां आपल्या नियमाला जागून त्यानें तो तर्क सोडून दिला आणि स्नायूच्या आंकडीला कारण ठरविलें. प्रामाणिकपणानेंच त्याला आडवाटेला नेलें. त्याच्यामागून सहा वर्षांनीं, १८३२ सालीं, रुआने ह्यानें आवाजांचा संबंध झडपांच्या मिटण्याशीं जोडून दाखविला.

हृदयांत वाढणाऱ्या गांठींचा प्रश्न तर याहून बिकट होता. गांठींचा अभ्यास लेनेकला नवा नव्हता. शरीरांतील मूळच्या धातूंसारख्या दिसणाऱ्या गांठी निराळ्या आणि कशाशींच साम्य नसलेल्या घातक गांठी निराळ्या, अशी वाटणी त्यानें तरुणपणींच केली होती. काळ्या रंगाच्या एका घातक गांठीला त्यानें दिलेलें नांव थोड्या फेरफारानें अजूनही चालतें. हृदयांत अशा गांठी असतात हें १५५९ सालापासून, कोलोंबो ह्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या ग्रंथामुळें, माहीत होतें. जुने वैद्य तर प्रेतांच्या हृदयांत जिकडेतिकडे मांसाचे कोंब पाहत. त्यांपैकीं पुष्कळ कोंब म्हणजे मरणानंतर गोठलेलें रक्तच असे. मेल्यावर गोठलेलें कोणतें आणि जिवंतपणींच जमलेलें कोणतें, हें वेगळें काढण्याची खटपट लेनेकनें केली. परंतु जिवंत माणसाच्या हृदयांतली गांठ ओळखण्याची सोय त्याच्या नळींत नव्हती.

कां नव्हती, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. हृदयांतच उगवलेली गांठ अतिशय दुर्मिळ. दहा हजार शवविच्छेदनांत जेमतेम दोनचार आढळतात. शरीराच्या दुसऱ्या भागांतून कर्करोग पसरून हृदयापर्यंत येतो तो प्रकार याहून पुष्कळ अधिक वेळां घडतो. हृदयाच्या स्वतःच्या गांठींपैकीं बहुतेक निरुपद्रवी जातीच्या असतात, म्हणजे त्या शरीरभर पसरत नाहींत. प्रौढ माणसांत त्यांपैकीं नेहमीं आढळणारी एक मऊ, बुळबुळीत गांठ आहे. ती बहुधा डावीकडच्या वरच्या कप्प्यांत, मधल्या पडद्याला देंठानें लोंबत असते. घंटेच्या लोलकासारखी ती प्रत्येक ठोक्याला हलते आणि झडपेच्या दारांत येऊन अडकते. माणसाला धाप लागते, कधीं कूस बदलतांच घेरी येते, कधीं ताप येतो. तिचा कण सुटून मेंदूंत गेला तर चालताबोलता मनुष्य अर्धांगवायूनें कोसळतो. अशी गांठ निरुपद्रवी जातीची खरी, परंतु जागा अशी कीं जीव घेतल्यावांचून राहत नाहीं. आणि नळी लावून ऐकावें तर आवाज थेट अरुंद झालेल्या झडपेसारखा! गांठ झडपेवर आपटल्याचा एक ठोका कधीं कधीं निराळा ऐकूं येतो. पण तो ओळखणारा कान विरळा.

म्हणून ह्या गांठी शतकानुशतकें प्रेतांतच सांपडत राहिल्या. १९३४ सालीं बार्न्स व त्याचे सहकारी ह्यांनीं हृदयांतली एक घातक गांठ रोगी जिवंत असतांना ओळखली. १९५२ सालीं रक्तांत रंगद्रव्य सोडून काढलेल्या क्ष-किरणचित्रांत ती लोंबती गांठ प्रथमच दिसली. आणि १९५४ सालीं स्वीडन देशांत स्टॉकहोम येथें क्राफूर्ड ह्या शस्त्रवैद्यानें, रक्ताभिसरणाचें काम कांहीं वेळ यंत्राकडे सोंपवून, एका स्त्रीचें हृदय उघडलें व ती गांठ काढून घेतली. ती स्त्री जगली. पुढें १९५९ सालीं जर्मनींत एफर्ट आणि त्याचा सहकारी ह्यांना हृदयाला धक्काही न लावतां ही गांठ दिसली. आणि ती कशाच्या साहाय्यानें दिसली, तर नादाच्याच! माणसाच्या कानाला ऐकूं न येणारा अतिसूक्ष्म नाद छातींत सोडावयाचा, व त्याच्या प्रतिध्वनीवरून आंतील आकृति रेखाटावयाची. तुळईला कान लावणाऱ्या लेनेकला ही युक्ति ऐकून किती आनंद झाला असता!

आज ती लोंबती गांठ देंठाच्या मुळासकट काढली, तर बहुतेक रोगी इतरांइतकेंच आयुष्य जगतात. शंभरांत एकदोघांना ती पुन्हां होते. ज्या कुटुंबांत हा विकार आनुवंशिक असतो त्यांत याहून अधिक वेळां. त्यामुळें शस्त्रक्रियेनंतरही वर्षानुवर्षें नादचित्र काढून पाहावें लागतें. घातक गांठींची गोष्ट अजूनही दुःखाची आहे. त्या ओळखतां येतात, पण तो रोग झालेले बहुतेक रोगी वर्षादोन वर्षांत दगावतात. तेथें आजचे डॉक्टर लेनेकच्याच जागीं उभे आहेत.

आतां त्याच्या शेवटाकडे वळूं. ग्रंथ लिहून होतांच त्याची प्रकृति खालावली. मूळचीच कृश देहयष्टि. त्यांत दिवसभर रुग्णालय व रात्रभर लेखन. १८१९ सालीं तो ब्रिटनींतल्या आपल्या केरलूआर्नेक येथील शेतवाडीवर जाऊन राहिला, झाडें लावूं लागला, घोड्यावरून रपेट करूं लागला, आणि बरा वाटूं लागतांच १८२१ सालीं पुन्हां पॅरिसला परतला. पुढच्या वर्षीं तो प्राध्यापक झाला. त्याचे पाठ ऐकण्यासाठीं परदेशांतून विद्यार्थी येत, आणि त्यांना समजावें म्हणून तो लॅटिन भाषेंत बोले. १८२४ सालीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, त्याचें लग्न झालें. संसार फार दिवस टिकावयाचा नव्हता.

त्याची आई तो लहान असतांनाच गेली होती. धाकटा भाऊ १८१० सालीं क्षयानें वारला. ज्याच्याबरोबर तो क्षयाचा अभ्यास करी तो जिवलग मित्र बेल १८१६ सालीं त्याच रोगानें गेला. तरुणपणीं क्षयी प्रेताचे मणके करवतीनें कापतांना लेनेकच्या बोटाला जखम होऊन तेथें एक गांठ आली होती. ती त्यानें औषधानें जाळून टाकली व तिची नोंद आपल्या निरीक्षणांत करून ठेवली. क्षय एकापासून दुसऱ्याला होतो, हें त्या काळीं सिद्ध झालेलें नव्हतें. क्षयाचा जंतु कॉख ह्यानें १८८२ सालीं दाखविला. वीस वर्षें लेनेक क्षयी रोग्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्यांचा श्वास ऐकत आला होता.

१८२६ च्या वसंतांत त्याला ताप आणि खोकला सुरू झाला. ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचें काम त्यानें तशांतच पुरें केलें. मग मेरियादेक ह्या आपल्या तरुण नातलगाला व शिष्याला त्यानें स्वतःच्या छातीला नळी लावून काय ऐकूं येतें तें सांगावयास सांगितलें. मेरियादेकनें ऐकलें आणि कांहीं न लपवितां सांगितलें. त्या आवाजांचा अर्थ गुरूनें स्वतःच जगाला शिकविलेला होता. त्यावर कोणी कांहीं बोलण्याची गरज उरली नाहीं.

तो पत्नीसह ब्रिटनीला निघाला. समुद्राची हवा मानवेल अशी अंधुक आशा होती. १३ ऑगस्ट १८२६ रोजीं, केरलूआर्नेकच्या घरीं, त्यानें आपल्या बोटांतल्या आंगठ्या एकामागून एक काढून खालीं ठेवल्या. थोड्याच वेळानें हें काम दुसऱ्या कोणाला तरी करावें लागेल व त्याला तें जड जाईल, म्हणून आपणच तें उरकतों, असें त्यानें सांगितलें. दोन तासांनीं त्याचें देहावसान झालें. वय पंचेचाळीस वर्षें.

मृत्युपत्रांत त्यानें आपले कागद, पुस्तकें, घड्याळ व आंगठी मेरियादेकला दिलीं होतीं, आणि त्यांबरोबर ती लांकडी नळीही. ह्या सर्व वारशांत तिचेंच मोल अधिक, असें त्यानें लिहून ठेवलें होतें. मेरियादेकनें १८३१ सालीं गुरूच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ति आपल्या टीपांसह छापून काढली.